पट, पोर्टल अन् शाळेचा पैसा : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते, अन् उघडल्याबरोबर पैशाचे प्रश्न सुरू होतात. केंद्रप्रमुख म्हणून बरीच वर्षं हेच हिशोब पाहिले, त्यातलं जे पक्कं माहीत आहे ते सांगतो.

प्रश्न : आमच्या शाळेत 34 पोरं होती तेव्हा 25 हजार आले, आता 29 आहेत तर फक्त 10 हजार. कवेलूचं छत गळून राहिलं, एवढ्यात काय होते? (शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष, घाटंजी तालुका)

भाऊ, तुमचे पैसे मधात कोणी खाल्ले नाहीत, नियमच तसा आहे. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकचं अभियान अन् शिक्षक प्रशिक्षण असं सगळं मिळून समग्र शिक्षा ही एकच योजना झाली, तेव्हापासून शाळेला एकच संयुक्त अनुदान मिळते अन् ते पटावर, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या संख्येवर, ठरते. सुरुवातीला 15 पोरांच्या वर गेलं की 25 हजार होते, 2021 पासून ती रेघ 30 वर नेली, म्हणजे 30 पर्यंत 10 हजार अन् त्याच्यावर 100 पर्यंत 25 हजार. जुना नियम असता तर तुमच्या 29 पोरांनाही 25 हजारच मिळाले असते. माझ्या मते हा छोट्या गावावर सरळ अन्याय आहे, कारण पाच पोरं कमी झाली म्हणून लाईट बिल, खडू, रजिस्टर, झाडू, फिनाईल यातलं काहीच कमी होत नाही, वरून त्यातले निदान 10 टक्के स्वच्छतेवरच खर्च करा लागतात.

छताची किरकोळ डागडुजी या पैशात बसते, पण पूर्ण छताचं काम एवढ्यात होत नाही. त्यासाठी समितीचा ठराव, गळतीचे फोटो अन् बांधकाम उपविभागाचं अंदाजपत्रक जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, जिल्हा नियोजनातून शाळा दुरुस्तीचा पैसा निघते. आवक नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका.

अन् आधी हे पाहा की 29 खरंच 29 आहेत का. अनुदान यूडायस प्लसच्या, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलच्या, आकड्यावर येते, शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर, अन् त्यातही आधार व्हॅलिड असलेली, म्हणजे आधार अन् शाळेची नोंद जुळलेली, लेकरंच धरतात. एका शाळेत मी स्वतः रजिस्टर घेऊन बसलो तर तीन लेकरं रोज वर्गात हजर अन् पोर्टलवर अडकलेली. कारण काय, तर जन्मल्यावर काढलेल्या आधारवर अजून "बेबी ऑफ" अन् पुढं आईचं नाव, दाखलखारीजमध्ये मात्र पोरीचं नाव. ऑगस्टमध्येच आधार केंद्रावर नेऊन दुरुस्त केलं तर सप्टेंबरात धावपळ होत नाही. तुमच्या इथं दोन पोरं अशी निघाली तरी 31 होतात, म्हणजे रेघेच्या वर.

प्रश्न : सहावी ते आठवीत आमची 17 लेकरं आहेत. शिक्षकाचं पद मंजूर नाही म्हणतात. पोरीला पाच किलोमीटर कशी पाठवू? (समिती सदस्य, धारणी तालुका)

ताई, हे 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवायच्या, जीआरमुळं झालं, त्यात सहावी ते आठवीचा पट 20 च्या आत असला तर त्या वर्गांना पदच मिळत नाही. मैदानी गावात बसून असा नियम करणं सोपं आहे, तुमच्या मेळघाटात पावसाळ्यात नाला भरला की रस्ताच बंद, मग सातवीची पोरगी घरी बसते अन् एकदा बसली की ती परत शाळेत जात नाही, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात सहावी ते आठवीची शाळा 3 किलोमीटरच्या आत पाहिजे, तुमची पाच दूर आहे, हाच तुमचा मुख्य मुद्दा. ठरावात अंतर लिहा, नाल्याचं लिहा, 17 लेकरांची नावं अन् पालकांच्या सह्या घ्या, अन् शिक्षक मागा. शिक्षक मिळेपर्यंत वाहतूक भत्ताही मागा, समग्र शिक्षेत एका लेकरासाठी वर्षाला 6 हजारांपर्यंत तरतूद आहे. भत्ता घेतला म्हणून शिक्षकाची मागणी सोडली असं होत नाही, पण ठरावात तसं स्पष्ट लिहा.

प्रश्न : बाजूच्या गावची शाळा पीएम श्री झाली, तिथं सगळं आलं. आमची काहून नाही? (शिक्षक, मानोरा तालुका)

सर, पीएम श्री ही निवडक शाळा आदर्श करायची केंद्राची योजना, 2022 मध्ये मंजूर झाली, देशभरात 14,500 शाळा अन् पाच वर्षांसाठी 27,360 कोटी, म्हणजे निवडक शाळाच घ्यायच्या हे आधीच ठरलेलं. त्यातही राज्यानं केंद्राशी करार करा लागते, महाराष्ट्रानं केला, तमिळनाडूनं केला नाही तर केंद्रानं त्यांचा समग्र शिक्षेचा पैसा रोखला. शिक्षण 1976 पासून समवर्ती सूचीत आहे, दोघांचाही अधिकार, पण समग्र शिक्षेत 60 टक्के पैसा केंद्राचा अन् 40 राज्याचा असल्यामुळं दोघांच्या ताणात हप्ता लांबते. आपल्याकडं बऱ्याचदा अनुदान जानेवारी-फेब्रुवारीत येते अन् 31 मार्चच्या आत खर्च करा म्हणतात. म्हणून खर्चाची यादी दिवाळीतच समितीत मंजूर करून ठेवा, पैसा आला की तारांबळ होत नाही.

प्रश्न : ग्रामपंचायत शाळेला पैसा देऊ शकते का? ग्रामसेवक नाही म्हणतात. (सरपंच, सडक अर्जुनी तालुका)

देऊ शकते. केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीत बंधित, म्हणजे ठरलेल्या कामावरच खर्चायचा, भाग पाणी अन् स्वच्छतेचा असते, 15 व्या आयोगात तो 60 टक्के होता, शाळेचं संडास, हात धुवायचे नळ, पिण्याचं पाणी त्यात बसते. बाकीचं अबंधितमधून. फक्त काम गावाच्या विकास आराखड्यात, म्हणजे जीपीडीपीत, असलं पाहिजे, अन् बऱ्याच ठिकाणी ग्रामसेवक नाही म्हणतात ते त्याच्यामुळंच. मुख्याध्यापकांना ग्रामसभेला बोलवा अन् पोरींच्या संडासाचं काम पहिल्या पानावर लिहून घ्या.