सवलत ४० सत्रांची, हिशेब ३२ चा

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, स्वतंत्र डिझायनर, उत्पन्न कमी-जास्त. चिंतेचा त्रास जुना, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि वेळ सांभाळणं जड जाणाऱ्या अवस्थेचं, निदान सहा महिन्यांपूर्वी झालेलं, औषधांचा विषय अजून टाळलेला. पार्ट्स थेरपीची, म्हणजे मनातल्या वेगवेगळ्या ‘भागां’चं ऐकून घेणाऱ्या थेरपीची, तीन सत्रं झाली, हलकं वाटलं. आता वर्षाच्या ४० सत्रांचे पैसे एकरकमी भरले तर २० टक्के सवलत आहे, पण सोमवारपर्यंत सांगायचंय. त्यासाठी सहा महिन्यांच्या खर्चाची जी मुदत ठेव आहे, तिच्यातली अडीच महिन्यांची रक्कम काढावी लागेल. काढू का?

थेरपी घ्या, पॅकेज घेऊ नका.

आधी सवलतीचं बघू. ४० सत्रांवर २० टक्के सूट म्हणजे ३२ सत्रांच्या पैशात ४०. ऐकायला छान. पण ३१ व्या सत्राला थांबलात, तर दर सत्रामागे पैसे देणाऱ्यापेक्षा तुम्ही जास्त मोजलेले असतील. आणि तुम्हीच लिहिलंय की वर्षभराची जिम घेतली आणि ११ वेळा गेलात. हे टोचायला सांगत नाही. एडीएचडीत सुरुवातीचा उत्साह खरा असतो आणि पुढे त्याचं ओसरणंही खरं असतं. हिशेब दोन्ही धरून करायचा.

आता थेरपीबद्दल. मी पैशांचा सल्ला देतो, थेरपिस्ट नाही, पण अशिलाचा पैसा जिथे जाणार त्याबद्दल वाचतो. तुमच्या पार्ट्स थेरपीचं पूर्ण नाव इंटर्नल फॅमिली सिस्टीम्स, म्हणजे आयएफएस. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कौटुंबिक थेरपिस्टने १९८० च्या दशकात ती मांडली. मनात अनेक ‘भाग’ असतात: काही सगळं आवरून धरणारे व्यवस्थापक, काही दुखणं उफाळलं की मिळेल त्याने विझवणारे अग्निशामक, आणि त्यांच्यामागे दडवलेले जुने, दुखावलेले भाग. कुणाला हाकलायचं नाही, प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं.

तुमच्या पत्रातला एक प्रसंग मला यात चपखल बसतो. कार्डाच्या बिलाचा मेसेज आला की तुम्ही फोन पालथा ठेवता. खात्यात पैसे असतात, तरी बिल भरलं जात नाही. एक जण म्हणतो, ‘आधी सगळे हिशेब नीट लावू, मग उघडू.’ दुसरा रात्री दोन वाजता हेडफोन मागवतो. आणि दोघांच्या मागे कुणीतरी ‘किती हलगर्जी!’ हे ऐकायला लागेल म्हणून धास्तावलेलं असतं. हे ओळखल्यावर बिल उघडणं सोपं जात असेल, तर थेरपीचा तो फायदा मला पैशातही दिसतो. तुम्ही पाठवलेल्या सहा बिलांपैकी चार उशिरा भरलीत, आणि पाच सबस्क्रिप्शनांपैकी तीन वापरात नाहीत. त्या गळतीत महिन्याला जवळपास एक सत्र निघतं.

तरी पुराव्याचं पारडं बघायला हवं. २०१३ मध्ये संधिवाताच्या रुग्णांवर आयएफएसची चाचणी प्रसिद्ध झाली. सांधेदुखी आणि नैराश्याच्या लक्षणांत वर्षभरानंतरही फरक टिकला, चिंतेत मात्र टिकणारी सुधारणा दिसली नाही. एडीएचडीसाठी आयएफएसच्या मागे औषधांइतकं भक्कम संशोधन उभं नाही. प्रौढांच्या एडीएचडीत औषधांचा पुरावा सगळ्यात मजबूत आहे, आणि औषध घेऊनही लक्षणं उरलेल्यांना सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणाऱ्या थेरपीचा, उपयोग झाल्याचं चाचण्यांत दिसलंय. लाज, स्वतःवरचा राग, टाळाटाळीमागची भीती यांवर भागांचं काम उपयोगी पडू शकतं. वेळेचं भान मात्र ते आणून देईल असं मी धरून चालणार नाही.

म्हणून पहिला खर्च मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटीचा. औषध घ्यायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवा, पण ती भेट पुढे ढकलून वर्षभराचं पॅकेज घेणं म्हणजे पाया सोडून गच्ची बांधणं. विम्यात मानसिक आरोग्याच्या भेटी बसतात का, तेही त्याच आठवड्यात विचारून घ्या.

मग १२ सत्रं, दर सत्रामागे पैसे देऊन. पूर्ण दरानेही तो साधारण एका महिन्याचा खर्च होतो, ठेवीत पाच महिने शाबूत राहतात. उत्पन्न दरमहा सारखं नसणाऱ्याने त्याखाली जाऊ नये. ठेव मोडताना व्याज किती कापतात तेही बघा, सवलतीतला एक घास तिथेच जातो. बाराव्या सत्रानंतर मोजायच्या गोष्टी दोनच: किती बिलं वेळेवर गेली आणि किती रात्री नीट झोप लागली. कार्डाचं ऑटो-डेबिट मात्र आजच लावा, त्यासाठी कुठल्याही भागाची परवानगी लागत नाही.

राहिला सोमवार. ही घाई तुमच्या अग्निशामकाला फार आवडलेली दिसते! थेरपिस्टना आज एवढंच लिहा: ‘पहिली १२ सत्रं एकेक करून पैसे देईन, पुढचं नंतर ठरवू. चालेल का?’ बहुतेक चालतं. नाहीच म्हणाले, तर भरलेले पण न वापरलेले पैसे परत मिळतात का, हे लेखी मागा. उत्तर येईपर्यंत ठेवीला हात लावू नका.