नवरा-बायको मिळून छोटे ऑनलाइन उद्योग करून स्वप्नांसाठी पैसा उभा करू शकतात का?

करू शकतात, पण एक तरी पगार चालू ठेवून. या कमाईचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा, नाहीतर ती किराणा आणि बिलांत कधी जिरते कळतही नाही.

लवकर पैसा हवा असेल तर कौशल्य विका: भाषांतर, शिकवणी, डिझाइन, हिशेब लिहून देणं. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतो. तोवर जाहिरातींचं काहीच हाती येत नाही, म्हणून त्यावर स्वप्नाची तारीख ठरवू नका.

हातच्या वस्तू विकणार असाल तर किंमत ठरवताना नीट बसा. हातच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजाराचं, एट्सीचंच बघा: विक्रीला टाकलेल्या प्रत्येक वस्तूला (लिस्टिंगला) २० अमेरिकी सेंट, विक्रीवर ६.५ टक्के, तेही वस्तू पाठवण्याची रक्कम धरून, शिवाय पेमेंटचं शुल्क निराळं. त्यात कच्चा माल, पॅकिंग आणि दोघांची मजुरी मिळवा. मजुरी बहुतेक जोडपी धरतच नाहीत, आणि ज्याला नफा म्हणतात तो खरं तर स्वतःचाच न दिलेला पगार असतो. प्लॅनर किंवा टेम्प्लेटसारख्या डिजिटल वस्तूंत हा त्रास कमी, स्पर्धा मात्र भयंकर.

कामं वाटून घ्या. एकाने बनवावं, दुसऱ्याने ग्राहक आणि हिशेब बघावा. दोघांनी सगळंच केलं की भांडणं ठरलेली (बहुधा ऑर्डर पॅक करताना). कराच्या नोंदी पहिल्या विक्रीपासून ठेवा. आणि पहिला उद्योग स्वतःचा खर्च काढेपर्यंत दुसरा काढू नका.