दर फेरीला 'टक्' : बी.बी. बदलण्याआधी

प्रश्न : गिअरच्या सायकलवर सिमरोलचा घाट चढताना उजवा पाय दाबला की 'टक्' असा आवाज येतो. सपाटीवर येत नाही. दुकानदार बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन पायडलांमधला फ्रेममधला एक्सल आणि त्याची बेअरिंग) बदला म्हणतो. बदलू का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. आवाज फ्रेमच्या पाइपांतून फिरतो, त्यामुळे सीटच्या दांड्यातली टकटकही खालूनच आल्यासारखी वाटते. चढावर उभे राहून पायडल मारा. आवाज थांबला तर सीट किंवा तिचा दांडा तपासा. तरीही आला, तर दोन्ही पायडल काढून आटे पुसा, ग्रीस लावून घट्ट बसवा (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात). चेनरिंगचे (पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकाचे) बोल्टही आवळा.

मग क्रँक (पायडल जोडलेला दांडा) हातात धरून आत-बाहेर हलवा. दोन्ही क्रँक एकत्र हलले तर बेअरिंग झिजलंय किंवा कप (बेअरिंग फ्रेममध्ये धरणारी आटेदार वाटी) सैल आहे. एकच हलला तर तो एक्सलवर सैल आहे, आणि अशी सायकल एक किलोमीटरही चालवू नका. एक्सलचं पोलादी चौकोनी टोक क्रँकचं ॲल्युमिनियमचं भोक कुरतडून मोठं करतं. मग बोल्ट कितीही आवळा, क्रँक पुन्हा सैल होतो आणि नवाच घ्यावा लागतो. चौकोनी एक्सलचा बोल्ट साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळतात.

काहीच हलत नसेल तर चेन उतरवून क्रँक हाताने फिरवा. बोटांना खरखर जाणवली तर सीलबंद बी.बी. बदलाच, ती दुरुस्त होत नाही. गुळगुळीत फिरली तर बहुधा फ्रेममधले आटे कोरडे पडलेत. आपल्याकडच्या पावसात सीटच्या पाइपातून पाणी थेट तिथे उतरतं. बी.बी. काढून आटे साफ करा, ग्रीस लावून परत बसवा. नेहमीच्या ६८ मिलिमीटर इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये उजवा कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतो. उलटा जोर लावला की आटे जातात.

प्रश्न : घरच्या जुन्या काळ्या सायकलचं पायडल वर आलं की किंचित झोल खाऊन खाली पडतं. – वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : कॉटर पिन (क्रँक एक्सलवर पक्का धरणारी पाचर) झिजली आहे. ती काढायला नट थोडा सैल करून पिनच्या टोकाबरोबर आणा आणि त्यावरच ठोका, म्हणजे पिनचे आटे वाचतील. क्रँकखाली लोखंडी पाइपाचा भक्कम टेकू हवाच, नाहीतर हातोडीचा मार छर्‍यांवर बसून कपाला खड्डे पडतात. नवी पिन आधी ठोकून पक्की बसवा, नट नंतर आवळा. नुसत्या नटाने ओढून बसवलेली पिन टिकत नाही. वीस-तीस किलोमीटरनंतर नट पुन्हा पाहा.