खाणविरोधी लोकांची केस घेतली तर वकिलावरच शेकतं का?

ताई, बेलापूर कोर्टात पारसिक डोंगराखालच्या वस्तीसाठी दगडखाणीविरुद्ध उभं राहिलात म्हणून गुन्हा होत नाही. धोका कोर्टाबाहेर आहे. रास्ता रोकोत अशिलांशेजारी तुमचा फोटो निघाला की जमावबंदीचा गुन्हा किंवा चॅप्टर केसची (शांतता राखण्याचा बॉंड मागणारी प्रतिबंधक कारवाई) नोटीस येऊ शकते. खाणमालकाकडून बदनामीचा दावा किंवा बार कौन्सिलकडे तक्रार, हेही नेहमीचंच. बहुतेक टिकत नाही, तारखा मात्र खाव्या लागतात.

टोकाचं उदाहरण नवी मुंबईच्या तुरुंगातलंच आहे. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना २०१८ मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. गडचिरोलीतल्या सुरजागड खाणीच्या लोहखनिज वाहनांच्या २०१६ च्या जाळपोळीतही त्यांना आरोपी केलं गेलं. खटल्याविना त्यांची वर्षं तळोजा कारागृहात गेली. यूएपीएत जामीन अवघड, खरी शिक्षा तीच.

वकालतनामा प्रत्येक अशिलाकडून वेगळा घ्या, फीची पावती द्या, मोर्चाच्या परवानगी अर्जावर स्वतः सही करू नका. पोलिसांनी अशिलाबद्दल विचारायला बोलावलं तर भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ (वकील-अशील संवादाची गोपनीयता) दाखवा. अपवाद वगळता असे समन्स काढता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय. अपवादातही किमान एसपी (पोलीस अधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते.