शेजारी म्हणतात, तुमच्या हॅम रेडिओमुळे (हौशी बिनतारी संचामुळे) आमचा टीव्ही बिघडतो. लायसन आहे, तरी ऐकत नाहीत. काय करू?

लायसन कपाटात ठेवा. मी दाखवून बसलोय, म्हणून सांगतो.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला. गच्चीवर ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा डायपोल (तारेची अँटेना), खाली १०० वॅटचा सेट. एका संध्याकाळी शेजारचे काका बनियनवरच आले. "अरे, आमचा हरिपाठ चाललाय आणि मधेच तू बदकासारखा बोलतोयस!" मी थाटात लायसन काढलं. काकांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून वाचलं आणि म्हणाले, "यात आमच्या स्पीकरमधून बोलायची परवानगी कुठाय?"

पुढं आठ महिने अबोला. त्या दिवाळीला फराळाचं ताटसुद्धा आलं नाही.

शेवटी बायको काकूंकडं जाऊन बसली. मी इकडं बोलायचो, ती फोनवर सांगायची. टीव्ही एकदम स्वच्छ, बोंब फक्त स्पीकरची. काकांनी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत स्पीकरची वायर ओढली होती, चांगली दहा मीटर. ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी येते साडेदहा मीटर! म्हणजे काकांनी घरात माझ्याच बँडची अँटेना टाकलेली. अ‍ॅम्प्लिफायरपाशी फेराइट रिंगवर (वायरीतून येणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारं काळं कडं) त्या वायरचे आठ वेढे मारले, बदक गेलं. रिंगचे पैसे मी दिले. तुम्हीही द्या, त्यात तत्त्व काढत बसू नका.

तुमच्या टीव्हीचं म्हणाल तर आधी स्वतःच्या घरातला बघा. तो फडफडत असेल तर दोष आधी स्वतःकडं शोधा; लो-पास फिल्टर (सेटमधून निघणाऱ्या वरच्या, नको त्या लहरी अडवतो तो) आणि अर्थिंग तपासा. वेळ, बँड, वॅट रोज वहीत लिहा, शेजाऱ्यांनाही वेळा लिहायला सांगा. काकांच्या निम्म्या तक्रारी मी कुपवाडला शिफ्टवर असतानाच्या निघाल्या.

हां, ४०० वॅट सोडत असाल किंवा अँटेना त्यांच्या गॅलरीला खेटून असेल तर रिंगवर भागणार नाही, अँटेना हलवा. आणि त्यांची वस्तू स्वतः उघडू नका. उद्या काही जळलं तर जन्मभर तुमच्या नावावर.

राहिला नारळ. माझ्या लहरींनी झाड वाळतंय, असं काका अजून कॉलनीभर सांगतात. नवी झावळी उलगडली की कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी दिसते, तो गेंड्या भुंगा असतो. काका, मान वर करून बघा एकदा.