शाळेत पर्यावरण गट सुरू करताय? आधी नळ मोजा
पोस्टर स्पर्धा आणि घोषणा सध्या बाजूला ठेवा. मुलांना गळका नळ शोधायला लावा. खाली मोजपात्र ठेवून १० मिनिटं पाणी साठवायचं, त्याला १४४ ने गुणायचं, की दिवसभराची गळती कळते. हा हिशोब मुलांनीच करावा. आपण सांगितलेला आकडा ती विसरतात. मुख्याध्यापकांना पत्रही त्यांनीच लिहायचं, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचं. (दुरुस्ती रखडली तर स्मरणपत्र. तेही शिक्षणच!) कचऱ्याचंही असंच: हातमोजे, वर्गवारी, वजन, नोंद. झाडं लावायचीच असतील तर सुट्टीत पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा. आणि हवामानबदलाबद्दल बोलताना लहानग्यांना घाबरवू नका. झेपेल असं एखादं काम त्याच तासाला द्या.