मॉडेल विमानाच्या शेपटीला स्किड लावावी की चाक?

सव्वा मीटर पंखविस्ताराच्या, हलक्या बाल्सा लाकडाच्या रेडिओ-नियंत्रित टेलड्रॅगर (पुढे दोन चाके आणि मागे शेपटी जमिनीला टेकणाऱ्या) विमानाला शेपटीखाली तारेची साधी स्किड, म्हणजे जमिनीवर घासत जाणारा टेकू, पुरेल की रडरबरोबर (विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या झडपेबरोबर) वळणारे चाक बसवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा निर्णय विमान पाहून नव्हे, तर ज्या जमिनीवरून ते उडवायचे ती पाहून घ्यावा.

आखूड गवतावर मला स्किडच आवडते. ती जमिनीला घासत असल्यामुळे गुरुत्वमध्याच्या मागे सतत ओढ राहते, पतंगाच्या शेपटीप्रमाणे विमानाची दिशा सरळ राहते आणि उतरल्यावर आपोआप ब्रेकही लागतो. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल किंवा फोकर त्रिपंखी विमानांच्या चाकांना ब्रेक नव्हते आणि ती गवताळ मैदानांवर उतरत, म्हणून त्यांना स्किडच होती. वळवताना मात्र पूर्ण रडर देऊन, शेपटी हलकी होण्यापुरता एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) किंचित खाली करून थ्रॉटलचा, म्हणजे प्रोपेलरची शक्ती वाढवण्याचा, छोटा झटका द्यावा लागतो. तो जास्त झाला तर विमान नाकावर जाते.

काँक्रीट किंवा डांबरावर हीच स्किड नुसती घसरते. उतरताना थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे रडरवर प्रोपेलरचा वारा येत नाही, वेगही उरलेला नसतो आणि पुढची चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने शेपटी जरा बाजूला गेली की ती आणखी जात राहते व ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरते. अशा जमिनीवर वळणारे चाक हवेच.

चाक बसवताना त्याची तार थेट रडरमध्ये रोवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मी ती तशी रोवली होती. काही उतरणांनंतर रडरची खालची बिजागरी बाल्साचा तुकडा घेऊनच उपटून आली आणि सर्व्होच्या (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरचे दोन दात तुटलेले निघाले. तेव्हापासून मी तारेला फ्यूजलाजखाली (विमानाच्या धडाखाली) स्वतंत्र ब्रॅकेट देतो आणि रडरशी ती दोन मऊ स्प्रिंगांनी जोडतो, म्हणजे जमिनीचा धक्का स्प्रिंगांतच जिरतो. चाकाचा अक्ष वळणबिंदूच्या थोडा मागे असावा आणि चाक रडरपेक्षा बरेच कमी वळावे.

वजनाचाही विचार करावा. शेपटी गुरुत्वमध्यापासून ६० सेंटीमीटर आणि नाकातील वजनाची जागा २० सेंटीमीटर अंतरावर असेल, तर चाकामुळे शेपटीत वाढलेल्या ८ ग्रॅमचा तोल सावरायला नाकात २४ ग्रॅम घालावे लागतात.

तुम्ही फक्त आखूड गवतावरून उडवणार असाल तर स्किड लावा. अधूनमधून जरी पक्क्या धावपट्टीवर जाणार असाल तरी चाकच घ्या, पण ते फार लहान नको, कारण इवलेसे चाक गवतात रुतून बसते. बसवून झाल्यावर रडर मध्यावर ठेवून विमान सपाट फरशीवर हाताने हलकेच ढकला आणि ते सरळ जाईपर्यंत तार थोडी थोडी वाकवत राहा.